गोळीने झोप आली, नाक मात्र बंदच
(मंडळाच्या गणेशोत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



भाद्रपदात बाप्पांच्या मागोमाग घरोघरी सर्दीही येते. दमट हवा, भिंतीवरची बुरशी, माळ्यावरून काढलेल्या मखराची धूळ, धूप आणि गुलाल, एवढे नाकाला पुरेसे असते. मग कोणीतरी चौकातल्या दुकानातून ‘सर्दीची गोळी’ आणतो. त्या गोळीविषयी आम्ही डॉक्टर मंडळी आज चार शब्द सांगणार आहोत.

धूळ किंवा बुरशी मानवली नाही की नाकातल्या काही पेशी हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडतात. त्याने नाक खाजते, शिंका येतात, पाणी वाहते. अँटिहिस्टामिन गोळी या द्रव्याची वाट अडवते, म्हणून ही तिन्ही लक्षणे कमी होतात.

नाक चोंदणे हा मात्र वेगळा प्रकार. त्यात आतल्या अस्तरातील रक्तवाहिन्या फुगतात, सायनसची तोंडे अरुंद होतात आणि कपाळ जड होते. या सुजेवर नुसत्या अँटिहिस्टामिनचा फारसा प्रभाव पडत नाही. विषाणूंमुळे होणाऱ्या साध्या सर्दीत तर तिचा उपयोग आणखी कमी. उलट जुन्या प्रकारच्या गोळ्या नाकातला स्राव सुकवून घट्ट करतात. अनेक गोळ्यांत नाक उघडण्यासाठी फेनिलएफ्रिनही घातलेले असते. पण तोंडाने घेतल्यास ते चोंदलेल्या नाकावर परिणामकारक नाही, असे मत अमेरिकेच्या औषध नियामकाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये दिले.

मग झोप का येते? मेंदूतही हिस्टामिन असते आणि तिथे त्याचे काम आपल्याला जागे ठेवण्याचे. क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, डायफेनहायड्रामिन ही जुनी औषधे मेंदूत सहज शिरतात. “गोळी लागू पडली, छान झोप लागली,” असे आपण म्हणतो, पण ती झोप गुण नसून दुष्परिणाम आहे. तिची गुंगी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राहू शकते. सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिनने झोप कमी येते, तरी काहींना येतेच. लोराटाडिन आणि फेक्सोफेनाडिनने सर्वांत कमी. फेक्सोफेनाडिन मात्र पाण्याबरोबरच घ्यावे. फळांच्या रसाबरोबर ते अंगी कमी लागते.

आपण इंदूरकर अनंत चतुर्दशीच्या झाँक्या पाहायला रात्रभर जागतो आणि पहाटे स्कूटरवर घरी परततो. अशा रात्री जुनी गोळी घेऊन गाडी चालवू नका. मद्याबरोबर तर ती मुळीच नको. घरातल्या आजी-आजोबांची विशेष काळजी घ्या. त्यांना या गोळ्यांनी गोंधळल्यासारखे होते, रात्री उठताना तोल जातो. प्रोस्टेटचा त्रास असल्यास लघवी अडू शकते, काचबिंदू असल्यास डोळ्यांना धोका असतो. लहान मुलांना मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. क्लोरफेनिरामिन-फेनिलएफ्रिनचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना छापण्याचा आदेश आपल्या औषध महानियंत्रकांनी २०२३ मध्ये दिला आहे.

मग चोंदलेल्या नाकाचे काय करावे? उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुवावे. ॲलर्जीमुळे नाक वारंवार बंद होत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टेरॉइडचा नाकातला फवारा रोज मारावा. त्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात. नाक झटकन उघडणारे थेंब तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नयेत. नाहीतर थेंब थांबवताच नाक पुन्हा चोंदते. त्रास दहा दिवसांवर गेला, जोराचा ताप आला किंवा डोळ्याभोवती सूज आली तर दुकान नको, दवाखाना गाठा.

पुढच्या वेळी पट्टी हातात घेतली की मागचे बारीक अक्षर वाचा आणि आत नेमके कोणते औषध आहे ते विचारा. आमचे एवढेच मागणे आहे. विघ्नहर्ता सर्वांना उत्तम आरोग्य देवो. गणपती बाप्पा मोरया!