आरशाची काच बदलताना
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका सदस्य ताईंनी केलेले बोलणे)

आज हप्त्याचं बोलत नाही, गाडीचं बोलते.

गटाचा मसाला घेऊन मी कोल्हापूरला जाते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. उसाच्या हंगामात राधानगरी रोडला ट्रॉलीला मागं टाकताना बाहेर आलेला ऊस लागला आणि डाव्या आरशाची काच फुटली. घरचे म्हणाले, "डाव्या आरशावाचून काय अडतंय?" मीही तशीच चालवली. दोन दिवसांनी समोरून ट्रॅक्टर आला म्हणून गाडी डावीकडं दाबली, तर तिथं सायकलवर शाळेची पोरगी! ओरडली म्हणून वाचली. त्या रात्री मला झोप नाही.

आरशाचं खोकं शाबूत असेल तर नुसती काच मिळते, मागच्या प्लास्टिकच्या पाटीसकट. दुकानात गाडीचं मॉडेल, वर्ष आणि बाजू सांगायची. घरच्या आरशाची सपाट काच कापून चिकटवू नका. डावी काच बहुतेक फुगीर असते. पळीची पाठ तोंडासमोर धरून बघा, चेहरा बारका पण मागचं सगळं स्वयंपाकघर दिसतं. म्हणूनच आरशात लांब वाटणारी सायकल खरी जवळ असते.

आता काम. पोरं लांब ठेवा, खाली पोतं अंथरा, जाड हातमोजे आणि चष्मा घाला. फुटक्या काचेवर आधी खोक्याची रुंद चिकटपट्टी आडवी-उभी मारा, म्हणजे तुकडे उडत नाहीत. गाडी थोडा वेळ उन्हात ठेवा, थंड प्लास्टिक कडक असतं, मोडतं. काचेची एक कड आत दाबली की समोरची वर येते. तिथं लाकडी उलथनं घालून हळूहळू ओढायचं. स्क्रूड्रायव्हर नको, मी घातला आणि खोक्याला ओरखडा पाडला. मागं वायर दिसली तर हिसका देऊ नका, फोटो काढून ठेवा आणि मगच सोडवा.

नवी पाटी खाचांवर नीट बसवा, वर फडकं ठेवून तळहातानं मधोमध दाबा. कोपरे दाबले की काच तडकते. "कट्ट" आवाज आला की बसली. हलक्या हातानं ओढून बघा, दार दोनदा आपटा. हलत असेल किंवा आतला सांधाच मोडला असेल, तर सरळ गॅरेजला न्या.

आणि तुकडे उघडे टाकू नका. कागदात गुंडाळून वर "काच" लिहा. कचरा वेचणारी आपलीच कुणीतरी असते.

माझी जुनी पाटी आणलीय. चहा होईपर्यंत हातात घेऊन बघा.