कष्टकऱ्यांचा कपडा



पोशाखावर व्याख्यान म्हटले की पैठणी नि शालू डोळ्यांपुढे येतात. मी मात्र आज नांदेड-लातूरकडच्या शेतांत राबणाऱ्यांच्या कपड्यांविषयी बोलणार आहे. माझ्या मते तो कपडा खुरप्याइतकेच अवजार आहे.

मुंडासे घ्या. उन्हात ते छत्रीचे काम करते, सोडले की डोक्यावरच्या ओझ्याखाली चुंबळ होते, त्यात भाकरी बांधता येते आणि प्रसंगी विहिरीत तांब्या सोडायला त्याचाच दोर होतो. बाईच्या नऊवारी लुगड्याला कासोटा असतो. म्हणून तिला दिवसभर वाकून खुरपता येते. कापूस वेचताना ती पदराची ओटी करते. मजुरीचे पैसेही पदराच्याच गाठीत. लुगडे विरले की त्याची वाकळ होते, वाकळ फाटली की पोतेरे. शिंप्याची कात्री न लागलेल्या कापडाची ही किमया!

आता या अवजाराचा खर्च कोणी सोसावा? पूर्वी गुढीपाडव्याला सालगड्याचे साल ठरे, तेव्हा धान्य-पैशाबरोबर धोतरजोडी, पायताण, घोंगडी यांचीही बोली होई. त्या पद्धतीत जाच पुष्कळ होता. तिचे गोडवे मी गाणार नाही. पण कामाला कपडा लागतो आणि तो मालकाने द्यावा, एवढे तिला मान्य होते. रोजंदारीच्या बाईला ही बोली लाभली नाही.

आज सोयाबीनच्या काढणीला जाऊन पाहा. नऊवारी मागे पडली आहे. बाया साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा सदरा चढवून येतात. ऊन भाजते, वाळल्या शेंगा हात ओरबाडतात. त्यावर त्यांनीच शोधलेला हा उपाय. अमेरिकेत १८७३ साली कामगारांच्या विजारीचे खिसे उसवू नयेत म्हणून त्यांना तांब्याच्या खिळ्या ठोकण्याचे पेटंट निघाले. पुढे ती विजार जगभर मिरवली गेली. आमच्या बाईसाठी मात्र कामाचा सदरा कोणी बेतलाच नाही.

आपल्या नांदेडला खादीचा तिरंगा तयार होतो; त्याचे कापड उदगीरला विणले जात आले आहे. त्या ध्वजाला आपण अभिमानाने वंदन करतो. कापूस वेचणाऱ्या हातांना दोन धड बाह्या मिळाल्या, तर ते वंदन पुरे होईल. आपणांपैकी अनेकांची शेती आहे. यंदा मजुरी ठरवताना कपड्याचीही बोली करा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.