घाईतली भाषा



मराठीच्या अध्यापिकेने या व्यासपीठावर व्हिडिओ गेमचे नाव काढावे, हे काहींना रुचणार नाही. पण माझ्या घरात मराठी परत आली ती याच वाटेने, म्हणून सांगणे भाग आहे.

इंदुरातली आमची ही चौथी पिढी. मी महाविद्यालयात मराठी शिकवते आणि माझाच मुलगा अकरावीत गेल्यापासून मला हिंदीत उत्तरे देऊ लागला. हटकले की गप्प बसे. गप्प मुलापेक्षा हिंदी बोलणारा मुलगा बरा, म्हणून मीही हटकणे सोडले.

त्याच्या प्लेस्टेशनवर 'एनबीए टूके' हा अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलचा गेम होता. १९९९पासून या मालिकेची नवी आवृत्ती दरवर्षी निघते. एका सुट्टीत जोडीदार न मिळाल्याने त्याने दुसरा कंट्रोलर माझ्या हातात दिला.

मला त्यात आधी दिसला तो वास्तववाद. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्यांच्या निमित्ताने आपण वर्गात ज्याविषयी बोलतो, तोच. हुबेहूब चेहरे आणि घाम ही त्याची वरवरची बाजू. खेळाडूला सतत पळवले तर तो दमतो, आणि दमलेल्याचा नेम चुकतो. बटण दाबून धरायचे आणि नेमक्या क्षणी सोडायचे. किंचित पुढेमागे झाले की चेंडू कड्यावर आपटून परत येतो. खऱ्या सामन्याप्रमाणेच २४ सेकंदांच्या आत नेम साधावा लागतो. थोरामोठ्या खेळाडूंचेही नेम हुकतात. माणसाच्या मर्यादा मान्य केल्या की चित्र खरे वाटू लागते. कादंबरीचेही तसेच नाही का? समालोचनसुद्धा खऱ्या सामन्यांचे समालोचन करणाऱ्या केव्हिन हार्लन यांच्याच आवाजात. अर्थात, इंग्रजीत.

आम्ही दोघे एकाच संघात खेळत होतो. बास्केटबॉलमध्ये 'स्क्रीन' म्हणून एक डाव असतो. आपल्या जोडीदाराच्या मागे लागलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत खांबासारखे उभे राहायचे, म्हणजे जोडीदार मोकळा होतो. पहिल्या दिवशी मी म्हणाले, "थांब, मी तुझ्यासाठी अवरोध निर्माण करते." वाक्य संपेपर्यंत चेंडू गेलेला होता. पुढच्या खेपेस तोंडून निघाले, "आडोसा!" माझी आजी वाऱ्यात दिवा नेताना पदराचा आडोसा धरायची, शब्द तिथूनच आला असावा. मुलाने अर्थ विचारला नाही. तो माझ्यामागून सुटला आणि त्याने चेंडू टाकला.

मग त्याचेही शब्द सुरू झाले. "सूट!", "याला चिकट!", "हात वर!" पास, फाउल, रिबाउंड हे शब्द जसेच्या तसे राहिले, ते बदलावेत असे आम्हाला वाटलेही नाही. एकदा तो ओरडला, "आई, तू पळून नाही राहिली!" आमच्या या इंदुरी मराठीला पुण्याचे पाहुणे हसतात. मी त्याचे व्याकरण दुरुस्त करत बसले नाही, पळाले.

मित्रहो, हे नवीन नाही. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून क्रिकेटचे मराठी समालोचन केले, तेव्हा त्यांनाही शब्द चेंडूच्या वेगाने हवा होता. चेंडू कोशासाठी थांबत नाही. शब्द समितीत घडवता येतो, पण तो रुळतो अशा घाईत. आणि महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मुलांजवळ नेमकी हीच मराठी उरलेली नाही. त्यांच्याकडे सणाची मराठी आहे, वक्तृत्व स्पर्धेची आहे, बोलणी खाण्याची तर आहेच. घाईची, चुकण्याची, जिंकल्यावर ओरडण्याची मराठी आपण त्यांना दिली का?

हा रामबाण उपाय आहे, असा माझा दावा नाही. खेळ संपला की मुलगा पुष्कळदा हिंदीकडे वळे. मराठी पुस्तक तो आजही अडखळत वाचतो. पडद्यासमोर किती वेळ बसायचे यावरून आमचे वादही झाले. शेवटी रोज एकच सामना, असे ठरले. पण त्या वादातली त्याची बाजू त्याने मराठीत मांडली, हे मी नोंदवून ठेवले आहे.

आता तो शिकायला दुसऱ्या शहरात आहे. दुसरा कंट्रोलर माझ्या कपाटात असतो. मागे फोनवर म्हणाला, "आई, होस्टेलवर आम्ही टूके खेळतो ना, तर माझा तेलुगू रूममेटपण आता 'आडोसा' म्हणून ओरडतो."

म्हणून एक विनंती. शिक्षकांनी पुढच्या तासाला विद्यार्थ्यांना निबंधाऐवजी एवढेच विचारावे: तुम्ही कोणता खेळ खेळता आणि खेळताना काय ओरडता? जे शब्द येतील ते उतरवून घ्यावेत. लगेच सुधारू नयेत.