बालवाडीच्या ताईंच्या कपाटात काय हवं?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवात ज्येष्ठ नागरिकाच्या हातात माइक दिला की तो पाण्याच्या टँकरपासून सुरुवात करतो आणि लिफ्टपर्यंत यायला रात्र होते. घाबरू नका. टँकर, लिफ्ट, कन्व्हेयन्स हे सगळं आधीच्या वक्त्यांनी सांगून झालंय. मला बोलायचंय ते तळमजल्यावरच्या खोलीबद्दल. तिथे रोज सकाळी नऊ ते बारा बालवाडी भरते.

ती खोली भाड्याने द्यावी असा प्रस्ताव येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येतो आहे. भाडं येईल, मेंटेनन्सचा बोजा थोडा हलका होईल. यात गैर काही नाही. बँकेत नोकरी केलेला माणूस आकड्यांना नावं ठेवणार नाही. पण ताळेबंदाला दोन बाजू असतात. दुसरी बाजू सभेच्या आधी आपल्या कानावर असावी, म्हणून आज उभा आहे.

बालवाडी म्हणजे मुलं सांभाळण्याची सोय, असं आपण धरून चालतो. सरकारचं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण काय म्हणतं? मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ वयाच्या सहा वर्षांच्या आत होते. म्हणून त्या धोरणात तीन ते आठ ही पाच वर्षं मिळून पहिला टप्पा धरला आहे. म्हणजे इमारतीच्या भाषेत सांगायचं तर हा पाया. आणि पाया भरणाऱ्या माणसाला आपण काय साहित्य देतो? एक खोली, एक फळा, आणि "मुलं रडू देऊ नका" ही सूचना.

या बाईंना नेमकं काय लागतं, याचं उत्तर आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. विरारहून डहाणू लोकल पकडा आणि डहाणूहून बोर्डीचा रस्ता धरा. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाई त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर होत्या. गिजुभाई पेशाने वकील. वकिली सोडून ते शिक्षणात आले आणि १९२० साली त्यांनी बालमंदिर काढलं. मॉन्टेसरी पद्धत त्यांनी घेतली, पण आपल्या मातीत रुजवून घेतली.

कोसबाडला अडचण वेगळीच होती. मॉन्टेसरीची साधनं महाग. वारली पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, कारण कोणाला धाकटं भावंडं सांभाळायचं, कोणाला गुरं राखायची. मग या दोघींनी काय केलं? मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच पाड्यावर नेली, घराच्या अंगणात. तीच अंगणवाडी. गुरं चारणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. साधनं कुठली? शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, काड्या, माती. बिया मोजायच्या, पानं लहान-मोठी लावायची, मातीची चूल करायची. आज देशभर सरकारी पाटीवर लिहिलेला 'अंगणवाडी' हा शब्द आपल्या शेजारच्या या टेकडीवरून गेलेला आहे, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती सहसा सांगितली जात नाही. शिक्षिकेला एकटं सोडून चालत नाही, हे ताराबाईंना फार लवकर कळलं होतं. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. शिक्षणपत्रिका निघाली, मराठी पत्रिका ताराबाईंनी चालवली. शिक्षिकांसाठी प्रशिक्षणाचे वर्ग निघाले. म्हणजे नुसत्या वस्तू देऊन भागत नाही. बाईंना विचारायला कोणीतरी लागतं, वाचायला काहीतरी लागतं.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली, सुरुवातीला ३३ प्रकल्पांत. आज अंगणवाडी सेविका पोषण आहार देते, मुलांची वजनं घेते, लसीकरणाला बोलावते, गरोदर बायकांच्या घरी जाते, रजिस्टरं लिहिते आणि पोषण ट्रॅकर ॲपवर सगळं भरते. एवढं करून उरलेल्या वेळात शिकवते. पगार नाही, 'मानधन'. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला सुप्रीम कोर्टाचा एप्रिल २०२२ चा निकाल यावा लागला. आम्हा बँकवाल्यांना ग्रॅच्युइटी निवृत्तीच्या दिवशी हातात मिळाली, म्हणून हा फरक मला टोचतो.

सरकारी बाजूने चांगलंही घडतंय. बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेलीला एक वर्षाचा अभ्यासक्रम द्यावा, असं नव्या धोरणात आहे. २०२३ साली 'जादुई पिटारा' नावाचा खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रकार्डं यांचा संच केंद्राने काढला.

पण आपल्या ताई कुठे बसतात? त्या सरकारी सेविका नाहीत, त्यामुळे पिटारा आणि प्रशिक्षण त्यांच्यापर्यंत चालत येत नाही. त्या मोठ्या शाळेतल्या शिक्षिका नाहीत, त्यामुळे तिथल्या सोयी नाहीत. त्यांच्या पाठीशी उभं राहणारं कोणी असेल तर ती आपली सोसायटी. आणि त्यांच्याकडे येणारी मुलं फक्त आपली नातवंडं नाहीत. आपल्या वॉचमनची, इस्त्रीवाल्याची, आपल्या घरी कामाला येणाऱ्या बायकांची मुलं तिथे त्याच सतरंजीवर बसतात. खोली गेली तर आपली नातवंडं स्कूलबसने दुसरीकडे जातील. ती मुलं कुठे जातील, याचा आकडा त्या प्रस्तावात नाही.

आता कपाटाकडे येतो. मी ताईंना विचारलं, काय हवं? यादी ऐका. चिकणमाती. जाड खडू. बोथट कात्र्या. जुनी वर्तमानपत्रं, फाडायला आणि चिकटवायला. मोठी बटणं आणि बुटांच्या नाड्या, ओवायला. राजमा, वाल, चिंचोके, वेगवेगळे करायला. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरचे शिंपले. हे सगळं मिळून आपल्या या मांडवाच्या झालरीइतकंही महाग नाही.

एखादे पालक म्हणतील, हा काय अभ्यास? तीन वर्षांच्या मुलाची बोटं अजून पेन्सिलीला तयार नसतात. माती मळून, कागद फाडून, नाडी ओवून ती तयार होतात. राजमा आणि वाल वेगळे करताना मूल वर्गीकरण शिकतं, तेच पुढचं गणित. म्हणून "अजून एबीसीडी लिहीत नाही का?" हा प्रश्न ताईंना दारात रोज विचारू नका. तोसुद्धा एक प्रकारचा आधारच आहे.

पण साधनांबरोबर दुसरे दोन हात लागतात. लहान मूल चिंचोका नाकात घालतं. ताई चिंचोके मोजून देतात आणि मोजून परत घेतात, अगदी आमच्या कॅशियरसारख्या. संध्याकाळचा ताळा जुळला नाही तर कॅशियर घरी जात नसे, तसं इथे एक चिंचोका कमी पडला तर खेळ थांबतो. बावीस मुलं आणि एकट्या ताई, हा हिशोब धोक्याचा आहे.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. सभेत त्यावर जरूर वाद घाला.

पहिली. खोली सकाळी बालवाडीकडेच राहू द्या. दुपारनंतर ती क्लासला, योगवर्गाला, वाढदिवसाला भाड्याने द्या. भाडंही येईल आणि मुलंही राहतील.

दुसरी. सिंकिंग फंडाला हात लावा असं मी मुळीच म्हणत नाही, तो इमारतीचा पैसा आहे. या उत्सवासाठी जमलेल्या वर्गणीतून जे शिल्लक राहील त्यातून एक कुलुपाचं कपाट, वरची यादी आणि पुस्तकं घ्यावीत. माधुरी पुरंदरे यांची चित्रांची पुस्तकं आणावीत. ती मुलांना वाचून दाखवताना आजी-आजोबाही रमतात. हिशोब मी लिहीन, पावत्यांसकट.

तिसरी. आपण ज्येष्ठ मंडळींनी पाळ्या लावाव्यात. रोज एक आजी किंवा आजोबा, दहा ते अकरा. फक्त जवळ बसायचं, गोष्ट सांगायची, चिंचोके मोजायचे. आपल्याकडे गुजराती आजी आहेत, कोकणातल्या आहेत, उत्तरेकडच्या आहेत. घरची भाषा कानावर पडली की नवं मूल लवकर रुळतं. मात्र एक पथ्य: वर्ग ताईंचा. आपण जाऊन पाढे घ्यायचे नाहीत.

चौथी. महिन्यातला एक दिवस मुलांना सुट्टी आणि ताईंना तयारीचा वेळ, मानधन न कापता. त्या दिवशी त्या जवळच्या अंगणवाडीतल्या सेविकेला भेटोत, दुसरी बालवाडी बघोत, वर्षातून एकदा कोसबाडला जाऊन येवोत. प्रवासखर्च सोसायटीचा. आणि मानधनाचा आकडा दरवर्षी सभेच्या विषयपत्रिकेवर यावा. लिफ्टच्या देखभालीचा करार येतो, तसा.

पंचवीस वर्षांत आपण इमारतीला दोनदा रंग दिला, गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं. ही कामं दिसतात, म्हणून त्यांना मंजुरी मिळते. तळमजल्यावरचं काम दिसायला पंधरा-वीस वर्षं लागतात. तेव्हा माझ्यासारखे कदाचित नसतील. पण ही समोर सतरंजीवर बसलेली मंडळी याच व्यासपीठावर उभी असतील आणि सुवर्णमहोत्सवाची भाषणं करतील. ती थोडक्यात आटोपतील अशी आशा आहे.

सभेला सर्वांनी या. प्रॉक्सीच्या भरवशावर राहू नका. तिथे प्रॉक्सी चालत नाही.