शब्दाला त्याचं गाव विचारा



बक्षिसं घेताना तुमचे चेहरे पाहिले आणि इथे येण्याचं सार्थक झालं. नाटिकेतले मावळे विंगेत तयार उभे आहेत, म्हणून फार वेळ घेत नाही.

मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. मराठी माध्यमातली हुशार मुलंसुद्धा इंग्रजी शब्दापुढे बिचकतात, हे मी फार जवळून पाहिलंय. स्पेलिंग एक, उच्चार दुसरा, अर्थ तिसराच. मग रट्टा मारायचा आणि परीक्षा झाली की विसरून जायचं. ही भीती जावी, असं मला मनापासून वाटतं, म्हणून आज एकच सांगतो. विचित्र शब्द भेटला, की पाठ करण्याआधी त्याला त्याचं गाव विचारा.

तुम्ही नाशिककर, तेव्हा पहिला शब्द तुमच्या शेजारचा. इंग्लंडमध्ये एखादा माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागला, की तो 'डूलॅली' झाला असं म्हणतात. हे डूलॅली म्हणजे आपली देवळाली. गोऱ्या सैनिकांच्या जिभेला 'ळ' पेलला नाही आणि देवळालीची डूलॅली झाली.

पण गावाच्या नावाचा अर्थ वेड असा का झाला? 1861 च्या सुमारास इंग्रजांनी तिथे लष्करी छावणी उभारली. हिंदुस्थानातली नोकरी संपलेल्या सैनिकांना तिथे आणून ठेवत आणि जहाज आलं की मुंबईहून मायदेशी पाठवत. जहाजं मात्र हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. ज्याची मुदत हंगाम संपल्यावर भरली, त्याला उन्हाळा आणि पावसाळा तिथेच काढावा लागे. काम नाही, घरची ओढ, वरून हिवताप. कुणी दारूच्या नादी लागे, कुणी मारामारी करून कैदेत जाई, कुणाचं डोकं खरोखरच फिरे. सैनिक त्याला 'डूलॅली टॅप' म्हणू लागले. यातला टॅप म्हणजे आपला ताप. आपण शाळा चुकवताना सांगतो, तोच.

इंग्रजांच्या राज्याचा इतिहास तुम्ही सनावळीसह वाचता. त्या राज्यासाठी आणलेला, घरी जायला आसुसलेला, वीस-पंचवीस वर्षांचा साधा शिपाई पाठ्यपुस्तकात सहसा भेटत नाही. या एका शब्दात तो अजून आहे. म्हणून मला हा शब्द कुठल्याही स्मारकाइतका मोलाचा वाटतो.

'मंगूज' तर सरळ आपला मुंगूस आहे. मराठीतून पोर्तुगीजांच्या तोंडी बसून तो इंग्रजीत पोचला. शेवटी 'गूज' ऐकू येतं म्हणून त्याचं अनेकवचन 'मंगीज' करू नका. बदकाच्या जातीच्या त्या गूजशी त्याचं काही नातं नाही, अनेकवचन 'मंगूजेस' असंच होतं. त्याला जगभर पोचवणारी रिक्की-टिक्की-टावीची गोष्ट किपलिंगने लिहिली, आणि किपलिंगचा जन्म 1865 साली मुंबईचा.

आता एक शब्द त्यांच्या मातीतला. चोरून ऐकण्याला इंग्रजीत 'ईव्ह्जड्रॉप' म्हणतात. 'ईव्ह्ज' म्हणजे छपराची पुढे आलेली कड, वळचण. 'ड्रॉप' म्हणजे थेंब. ऐकण्याचा यात संबंध काय? कोकणात किंवा इगतपुरीकडे ज्यांचं आजोळ आहे, त्यांना लगेच कळेल. पावसात पागोळ्या गळतात आणि भिंतीलगत जमिनीचा एक पट्टा भिजतो. त्या पट्ट्याला जुन्या इंग्रजीत हे नाव होतं. तिथे, भिंतीला लागून उभं राहून जो आतलं बोलणं ऐकतो, तो ईव्ह्जड्रॉपर. अठराव्या शतकातल्या ब्लॅकस्टोन नावाच्या कायदेपंडिताने तर हा दंडपात्र गुन्हा म्हणून नोंदवून ठेवलाय. पागोळी हा शब्द ज्याच्या घरात आहे, त्याला हा इंग्रजी शब्द परका वाटायचं कारण नाही.

आणि तुमचा सगळ्यात मोठा वैरी, न बोलणारं अक्षर! कर्जाला इंग्रजीत 'डेट' म्हणतात, मध्ये एक 'बी' गुपचूप बसलेला. हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता. पुढे लॅटिनवर प्रेम असलेल्या पंडितांना वाटलं, की याचं मूळ लॅटिन 'डेबिटुम'मध्ये आहे, ते दिसलं पाहिजे, आणि त्यांनी बी घुसवला. लोकांनी उच्चार काही बदलला नाही. 'आयलंड'मधला 'एस' तर निव्वळ गैरसमजातून आला. दुसऱ्याच एका लॅटिन शब्दाशी त्याचं नातं आहे असं धरून तो बसवला आणि तो तसाच राहिला. म्हणजे ज्या अक्षरासाठी तुमचा अर्धा गुण जातो, ती चूक काही शतकांपूर्वी मोठ्या माणसांनी केलेली आहे. गुण मात्र जाणारच, तेव्हा ते अक्षर लिहा. त्याला भिऊ नका, एवढंच.

एका शब्दापाशी मला थोडं थांबायचंय. 'बॉयकॉट'. हे एका माणसाचं आडनाव. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. 1880 साली कुळांनी खंड कमी करून मागितला, तर बॉयकॉटने त्यांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा धाडल्या. लोकांनी त्याच्या अंगाला हात लावला नाही. त्यांनी संबंध तोडला. मजूर शेतावर येईनात, दुकानदार सामान देईना, धोबी कपडे घेईना. शेवटी पीक काढायला दुसऱ्या प्रांतातून पन्नासएक माणसं आणली आणि त्यांच्या रक्षणासाठी सैनिक आणि पोलीस मिळून हजाराच्या आसपास. पिकाच्या किमतीहून बंदोबस्तच कितीतरी महाग पडला. वर्ष संपायच्या आत बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला.

नाव कसं पडलं, ते जेम्स रेडपाथ या पत्रकाराने लिहून ठेवलंय. इंग्रजीत यासाठी 'ऑस्ट्रसिझम' हा ग्रीक शब्द होता. प्राचीन अथेन्समध्ये लोक खापराच्या तुकड्यावर नाव कोरून एखाद्याला दहा वर्षं हद्दपार करत. त्या खापराला ते 'ऑस्ट्राकॉन' म्हणत, त्यावरून हा शब्द. पण तिथल्या ओ'मॅली नावाच्या धर्मगुरूला वाटलं, की आपल्या शेतकऱ्यांना हा शब्द जड जाईल. मग त्याने सुचवलं, बॉयकॉटच म्हणू या! शेतकऱ्यांच्या तोंडी सहज बसावा म्हणून केलेला हा शब्द काही आठवड्यांत लंडनच्या वर्तमानपत्रांत गेला. पंचवीस वर्षांनी, 1905 साली बंगालची फाळणी झाली तेव्हा तो आपल्याकडे दुमदुमला आणि लोकमान्यांच्या चतुःसूत्रीत 'बहिष्कार' होऊन बसला.

एक गोष्ट मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही. तिथे दुबळ्यांनी बळवंताशी संबंध तोडला होता. आपल्याकडे गावाने आणि जातपंचायतीने एकेका गरीब कुटुंबाला वाळीत टाकलं, त्यांचं पाणी तोडलं, मयताला खांदा दिला नाही. ते थांबवायला महाराष्ट्राला 2016 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. शब्द तोच असला तरी तो कोण कोणावर चालवतो, हे बघायला शिका.

हे सगळं आपल्याला कळतं कसं? कुणीतरी नोंदवून ठेवलं म्हणून. स्कॉटलंडच्या एका खेड्यातल्या शिंप्याचा मुलगा जेम्स मरे, गरिबीमुळे चौदाव्या वर्षी शाळा सुटली. पुढे स्वतःच्या बळावर शिकून तो शिक्षक झाला आणि 1879 मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचा संपादक. त्याने लोकांना आवाहन केलं, पुस्तकं वाचा आणि शब्द सापडला की त्याचं वाक्य चिठ्ठीवर लिहून पाठवा. लाखो चिठ्ठ्या आल्या. पत्र्याच्या एका शेडमध्ये बसून त्या लावायच्या, त्याची स्वतःची मुलंही खाऊच्या पैशांसाठी चिठ्ठ्या लावत. दहा वर्षांत संपेल म्हटलेलं काम 1928 साली पुरं झालं. मरे त्याआधीच, 1915 मध्ये गेला होता. एवढी काळजी घेऊनही 'बाँडमेड', म्हणजे गुलाम दासी, या शब्दाच्या चिठ्ठ्या गहाळ झाल्या आणि तो कोशातून सुटला. तो पुरवणीत आला 1933 साली.

मरेच्या कोशाची कल्पना मुळात निघाली 1857 मध्ये. त्याच साली इकडे मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली, साठ हजारांच्या घरातले शब्द असलेली. त्यातले कितीतरी शब्द आज आपल्या तोंडून गेलेत.

म्हणून मुख्याध्यापकांशी बोलून एक गोष्ट ठरवलीय. सोमवारपासून तुमच्या ग्रंथालयात एक लाकडी पेटी असेल आणि शेजारी कोऱ्या चिठ्ठ्या. चिठ्ठीवर शब्द लिहायचा, तो ज्या वाक्यात ऐकला ते वाक्य, कोण बोललं, कुठल्या गावी आणि तारीख. इंग्रजी शब्द चालेल, मराठी तर हवाच. कांद्याच्या शेतातले गोल्टी, डोंगळे, चाळ हे शब्द तुमच्या घरात रोज बोलले जातात, ते नेमक्या अर्थासह आले पाहिजेत. आजीला विचारा, बाजार समितीतल्या हमालकाकांना विचारा, यात्रेला आलेल्या पाहुण्यांना विचारा. पेटी दर महिन्याला उघडायची आणि चिठ्ठ्या वर्णानुक्रमे लावायच्या, ही जबाबदारी आठवीच्या वर्गाने घेतली आहे. पुढच्या संमेलनात त्यांची हस्तलिखित वही वाचायला मला बोलवा, मी नक्की येईन.