मानेपर्यंत गुंडाळलेली ट्यूब



मुरमांसाठी आमच्याकडे येणाऱ्या मुली बहुधा तोंडाला ओढणी बांधून येतात. खुर्चीत बसल्या तरी ती लवकर सुटत नाही. शेवटी आई म्हणते, "दाखव गं डॉक्टरांना," आणि ओढणीपाठोपाठ पर्समधून एक ट्यूब बाहेर येते. शेपटाकडून गुंडाळत गुंडाळत पार मानेपर्यंत आणलेली. "मॅडम, हिनं आठ दिवसांत चेहरा साफ झाला होता. पण लावायची सोडली की दुप्पट येतात." मला आज बोलायचंय ते खरं तर या ट्यूबबद्दल. पण आधी मुरूम येतो कसा, ते पाहू.

आपल्या चेहऱ्यावर, छातीवर, पाठीवर केसांच्या मुळाशी तेल तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. वयात येताना अँड्रोजन संप्रेरकं वाढतात, मुलींमध्येसुद्धा, आणि या ग्रंथी जोमानं तेल सोडू लागतात. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी झडायच्या ऐवजी एकमेकींना चिकटतात आणि बूच बसतं. आत तेल तुंबतं, एरवी तिथे गुण्यागोविंदानं राहणारे जिवाणू वाढतात, मग सूज येते. आज आरशात दिसणारी लाल पुटकुळी ही या कहाणीची शेवटची पायरी. बूच बसायला सुरुवात झालेली असते कित्येक आठवडे आधी.

नाकावरचे काळे ठिपके म्हणजे मळ नव्हे. ते उघड्या तोंडाचं बूचच. त्याचा काळेपणा मुख्यतः त्वचेच्याच रंगद्रव्याचा. तेव्हा घासून ते जात नाहीत, उलट कातडी सोलवटते. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश पुरे. टूथपेस्ट, लिंबू, खायचा सोडा यांना स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरातच राहू द्या. "अंगात उष्णता झालीय" हे आजीचं निदान मी खोडून काढायला जात नाही, पण रक्तातली साखर झटकन वाढवणारं खाणं आणि व्यायामशाळेतली व्हे प्रोटीनची पावडर यांचा काही जणांच्या मुरमांशी संबंध दिसतो. कपाळभर बारीक पुरळ असेल, तर चोपून लावलेल्या तेलाकडेही पाहावं.

आता औषधं. बूच मोकळं करतात ती अ जीवनसत्त्वाच्या कुळातली मलमं: अडॅपलीन, ट्रेटिनॉइन. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, मटारच्या दाण्याएवढं घ्यायचं आणि जिथे मुरूम येतात त्या सगळ्या भागावर पसरायचं. नुसत्या पुटकुळीवर ठिपका देऊन भागत नाही, कारण पुढच्या महिन्यातली पुटकुळी आज शेजारच्या कोऱ्या दिसणाऱ्या कातडीत तयार होत असते. पहिले दोन-तीन आठवडे चेहरा कोरडा पडतो, खपल्या निघतात, कधी मुरूम वाढल्यासारखे वाटतात. माणसं नेमकी इथेच औषध सोडतात. सोडू नका, एक दिवसाआड लावा, वर मॉइश्चरायझर लावा. खरा फरक ८ ते १२ आठवड्यांनी दिसतो.

जिवाणूंसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड. ते २.५ टक्क्यांचं घेतलं तरी १० टक्क्यांइतकंच काम करतं आणि आग कमी होते. फक्त ते कापडाचा रंग उडवतं, म्हणून उशीचा अभ्रा पांढरा ठेवा. एकदा एक वडील लाल टॉवेलवर उमटलेला फिकट चेहरा पुरावा म्हणून घेऊन आले होते! डॉक्सिसायक्लिनची गोळी दिली असेल, तर ग्लासभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, ती अन्ननलिकेत अडकली तर पोळते. खोल, दुखऱ्या, खड्डे पाडणाऱ्या गाठींसाठी आयसोट्रेटिनॉइन हे फार चांगलं औषध आहे. पण गर्भावर त्याचा भयंकर परिणाम होतो. औषध चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर दिवस जाता कामा नयेत. एकीला लिहून दिलेलं दुसरीनं घेणं तर सोडाच. आणि मुरमांबरोबर पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएस या संप्रेरकांच्या बिघाडाची तपासणी करायला हवी.

आता ती ट्यूब. तिच्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. ते सूज दाबतं, रंग उजळल्यासारखा दाखवतं, म्हणून आठ दिवसांत चमत्कार वाटतो. बूच मात्र जागच्या जागी. महिनोन् महिने लावलं की कातडी पातळ होते, लाल रेघा दिसतात, हनुवटीवर केस येतात आणि स्टेरॉइडमुळेच नवे मुरूम उठतात. स्टेरॉइडनं बिघडलेल्या अशा चेहऱ्याच्या आजाराला भारतातल्याच त्वचारोगतज्ज्ञांनी वेगळं नाव दिलं, इतके रुग्ण आपल्याकडे आहेत. २०१८ साली केंद्र सरकारनं १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ट्यूब येतेच कुठून तरी: पार्लरमधून, मैत्रिणीकडून, जावेकडून. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल अशी स्टेरॉइडची नावं दिसली, तर ती ट्यूब मुरमांवर लावायची नाही. बरेच महिने लावत असाल तर मात्र मनानं एकदम बंदही करू नका, चेहरा भडकतो. ती कशी सोडवायची ते त्वचारोगतज्ज्ञ सांगतील.

दवाखान्यात येताना घरातल्या सगळ्या ट्यूबा एका पिशवीत घालून आणा, रिकाम्यासुद्धा. लपवू नका. डॉक्टर रागावत नाहीत. निदान मी तरी नाही.