विम्याचे पैसे कधी मिळतात, कुठे अडतात



आपल्या भिवंडी तालुक्यात भाताची लावणी सुरू झाली की बांधावर साप निघायचाच. माणूस दगावला तर घरचे आधी भगताकडे धावतात आणि मग थेट स्मशानात. पोलिसांत वर्दी नाही, शवविच्छेदन नाही. पुढे कोणी विम्याची आठवण करून देतो, तेव्हा दाखवायला कागदच नसतो.

शेतकऱ्याला हप्ता न भरता मिळणारे संरक्षण म्हणजे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजना. पूर्वी ती विमा कंपनीमार्फत चाले. कंपन्या दावे अडवीत, म्हणून एप्रिल २०२३ पासून शासन स्वतःच सानुग्रह अनुदान देते. अपघाती मृत्यूला २ लाख रुपये. वयाची अट १० ते ७५. खातेदार आणि त्याच्या घरातला खातेदार नसलेला एक जण यात येतो. सर्पदंश, वीज पडणे, बुडणे, विजेचा धक्का हे सारे अपघातच. नैसर्गिक मृत्यू, आत्महत्या आणि दारूच्या नशेत झालेला अपघात मात्र बसत नाही. अर्ज तीस दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावा. आणखी एक. गोदामांना जमिनी गेल्या, काहींचे सातबाऱ्यावर नावच उरले नाही. काहींच्या उताऱ्यावर अजून मयत आजोबाच खातेदार आहेत! वारसनोंद आजच करून घ्या.

आता बँकेतले विमे. वर्षाला २० रुपये कापतात तो सुरक्षा विमा, फक्त अपघाताचा. ४३६ रुपये कापतात तो जीवन ज्योती. आजाराने मृत्यू आला तरी २ लाख मिळतात. यात नाव १८ ते ५० वयात घालता येते. पण नवीन नाव घातल्यावर पहिले तीस दिवस अपघाताखेरीज दुसरा मृत्यू धरत नाहीत. दोन्हींचे वर्ष १ जून ते ३१ मे. मेअखेर आपण बी-खतासाठी खाते रिकामे करतो, नेमकी तेव्हाच कपात येते. पैसे नसले तर विमा बंद, आणि तसे घरी येऊन कोणी सांगत नाही.

एजंटाकडून पॉलिसी घेताना कोऱ्या फॉर्मवर सही किंवा अंगठा देऊ नका. साखर, रक्तदाब, तंबाखू, जे असेल ते लिहायला लावा. हप्ता थोडा वाढेल, वाढू द्या. लपवलेले पहिल्या तीन वर्षांत उघडकीस आले तर कंपनी दावा नाकारू शकते. तीन वर्षांनंतर विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तिला ती सबब सांगता येत नाही. पहिल्या वर्षात आत्महत्या झाल्यास विम्याची पूर्ण रक्कम मिळत नाही. हप्ता चुकला तर सवलत साधारण तीस दिवसांची, महिन्याच्या हप्त्याला पंधराच.

दावा नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीकडे तक्रार करा. तिथे दाद लागली नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही.